रेडॉक्स अनुमापनाचे अध्यापन : अर्धसमीकरण आणि गणित यांतील तुटलेला दुवा

प्रस्तावना

बारावी व पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन सर्वत्र असते. विद्यार्थ्यांना ब्युरेटचे वाचन अचूक घेता येते, फिकट गुलाबी अंत्यबिंदूही ओळखता येतो. पण तीव्रता काढताना ते पाठ केलेल्या सूत्राला शरण जातात. ही अडचण विद्यार्थ्यांची कमी आणि पाठ्यसामग्रीच्या मांडणीची अधिक आहे. प्रस्तुत लेखात ग्वाल्हेरच्या शैक्षणिक वातावरणाचा संदर्भ घेऊन या मांडणीची चिकित्सा केली आहे.

पाठ्यपुस्तकाची मांडणी

ग्वाल्हेरच्या सीबीएसई शाळांतून जिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६४) महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी एनसीईआरटीचे रसायनशास्त्र वाचून आलेला असतो. या पुस्तकाच्या २००६ च्या अकरावीच्या आवृत्तीत रेडॉक्स अभिक्रियांचे आठवे प्रकरण आहे. फेरस आयन व डायक्रोमेट यांचे उदाहरण घेऊन अर्धअभिक्रिया पद्धत त्यात पायरीपायरीने समजावली आहे. हा भाग निःसंशय चांगला आहे. लगेच पुढचा विभाग रेडॉक्स अनुमापनाचा. तेथे परमँगनेट स्वतःच दर्शक कसे ठरते, डायक्रोमेटसाठी डायफेनिलअमीन का लागते, आयोडीनसाठी स्टार्च का, हे सांगितले आहे. परंतु आधीच्या विभागात तोललेले अर्धसमीकरण घेऊन ब्युरेटच्या वाचनापासून तीव्रतेपर्यंत नेणारे एकही सोडवलेले गणित तेथे नाही. दोन्ही विभाग शेजारी असूनही परस्परांशी बोलत नाहीत. ही दरी मग प्रयोगवहीतील सूत्र भरून काढते.

दोन सूत्रे, तेच आकडे

ऑक्सॅलिक आम्ल व परमँगनेट यांच्या आम्लधर्मी माध्यमातील अर्धसमीकरणे अशी :

ऑक्सॅलेट आयन → २ कार्बन डायऑक्साइड + २ इलेक्ट्रॉन

परमँगनेट आयन + ८ हायड्रोजन आयन + ५ इलेक्ट्रॉन → मँगॅनस आयन + ४ पाणी

इलेक्ट्रॉन सारखे करण्यासाठी पहिल्याला ५ ने व दुसऱ्याला २ ने गुणावे लागते. म्हणजे ऑक्सॅलेटचे इलेक्ट्रॉन २ पण मोल ५. परमँगनेटचे इलेक्ट्रॉन ५ पण मोल २. हेच दोन आकडे जागा बदलून येतात. प्रचारात सूत्रेही दोन आहेत. एकात मोलारिटी व आकारमान यांच्या गुणाकाराला इलेक्ट्रॉनांच्या संख्येने गुणतात, दुसऱ्यात त्याच गुणाकाराला मोलांच्या संख्येने भागतात. दोन्ही बरोबर आहेत. पण एकाचे आकडे दुसऱ्यात घातले की उत्तर बिघडते.

उदाहरणार्थ, ०.०५ मोलार ऑक्सॅलिक आम्लाच्या १० मिलिलिटरला परमँगनेट १० मिलिलिटर लागले असे समजू. आम्ल ०.५ मिलिमोल, त्याने दिलेले इलेक्ट्रॉन १ मिलिमोल. ते घेण्यास परमँगनेट ०.२ मिलिमोल लागेल. म्हणून तीव्रता ०.०२ मोलार, म्हणजे लिटरला ३.१६ ग्रॅम. आकड्यांची अदलाबदल झाली तर ०.१२५ मोलार येते, म्हणजे सव्वासहा पट. मोहरच्या क्षारात फेरस आयन एकच इलेक्ट्रॉन देतो. तेथे हीच चूक पंचवीस पट होते. इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडणाऱ्या विद्यार्थ्याला सूत्र लागतच नाही, त्यामुळे या चुकीला वावही राहत नाही.

नॉर्मॅलिटीचा वारसा

लोह मोजण्यासाठी मार्गरीत यांनी परमँगनेटचा उपयोग १८४६ मध्ये केला. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. साहजिकच जुना हिशेब तुल्यभारावर उभा राहिला. नॉर्मॅलिटीने काम झटपट होते हे मान्य केले पाहिजे. परंतु ती द्रावणाचा स्थिर गुणधर्म नाही. परमँगनेट आम्लधर्मी माध्यमात ५, उदासीन माध्यमात ३ आणि तीव्र अल्कधर्मी माध्यमात १ इलेक्ट्रॉन घेते. त्यामुळे ०.१ नॉर्मल अशी चिठ्ठी लावलेली बाटली उदासीन माध्यमात ०.०६ नॉर्मल ठरते. सल्फ्युरिक आम्ल कमी पडल्यास शंकुपात्रात येणारा तपकिरी गढूळपणा म्हणजे मँगॅनीज डायऑक्साइड, म्हणजेच बदललेले अर्धसमीकरण. प्रयोगवहीत ही केवळ ‘दक्षता’ म्हणून येते. कारण दिले जात नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल का चालत नाही, याचेही उत्तर अर्धसमीकरणातच आहे : क्लोराइड आयन परमँगनेटला इलेक्ट्रॉन देऊन बसतो आणि वाचन वाढते.

परिभाषेचा प्रश्न

ग्वाल्हेरच्या मराठीभाषक विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते. घरी मराठी, वर्गात हिंदी, पुस्तकात बहुधा इंग्रजी. हिंदी पुस्तकात ‘अपचयोपचय’, मराठीत ‘ऑक्सिडीकरण-क्षपण’. अपचय व क्षपण हे दोन्ही शब्द झीज सुचवतात. प्रत्यक्षात त्या क्रियेत इलेक्ट्रॉन मिळतात. शब्दार्थावर विसंबणारा विद्यार्थी इलेक्ट्रॉन बाणाच्या चुकीच्या बाजूला लिहितो. शब्द बदलणे आपल्या हाती नाही. मात्र वर्गात ‘कोण देतो, कोण घेतो’ हा प्रश्न आधी विचारून मग संज्ञा देणे शक्य आहे.

प्रयोगशाळेबाहेरील किंमत

शहरातून वाहणारी स्वर्णरेखा नदी सांडपाण्याने दूषित झालेली आहे. अशा पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी डायक्रोमेटने मोजतात व उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने अनुमापित करतात. सूत्रात ८००० हा गुणक येतो. तो कोठून आला, हे प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना सांगता येईल?

समजा, २० मिलिलिटर नमुन्यासाठी कोऱ्या चाचणीपेक्षा ०.१ मोलार फेरस द्रावण ४ मिलिलिटर कमी लागले. फरक ०.४ मिलिमोल इलेक्ट्रॉनांचा. ऑक्सिजनचा एक रेणू ४ इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून तुल्य ऑक्सिजन ०.१ मिलिमोल, म्हणजे ३.२ मिलिग्रॅम, लिटरला १६० मिलिग्रॅम. गुणकातील ८ म्हणजे ३२ भागिले ४, आणि हजार एककांच्या रूपांतराचे. ज्याला हे उमगले नाही, तो चुकीचा गुणकही तितक्याच विश्वासाने वापरेल. आणि तो आकडा नदीच्या पाण्याविषयी असेल.

निष्कर्ष

१. प्रत्येक रेडॉक्स अनुमापनाच्या नोंदीत निरीक्षण तक्त्याच्या आधी दोन्ही अर्धसमीकरणे लिहून घ्यावीत.

२. गणित ‘मिलिमोल, इलेक्ट्रॉन, मिलिमोल’ या क्रमाने सोडवावे. सूत्र शेवटी पडताळ्यासाठी द्यावे.

३. दक्षतेच्या सूचनांची कारणे अर्धसमीकरणावरून विचारावीत.

४. तोंडी परीक्षेत सूत्र न विचारता गुणकाचा उगम विचारावा.

यासाठी नवे उपकरण वा वाढीव तासिका लागत नाहीत. अंत्यबिंदूचा अर्थ केवळ रंग बदलणे नव्हे, तर दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन समान होणे, एवढे विद्यार्थ्याच्या मनात रुजले की पुढील गणित तो स्वतः करू शकतो.