बोटाखालची बाराखडी

ॲमस्टरडॅमच्या शाळेत जाणारं मराठी मूल ‘या’ रोमन लिपीत लिहू लागलं, तर पहिलं अक्षर बहुधा ‘जे’ काढेल; डचमध्ये त्याचा उच्चार ‘य’. ‘ऊ’साठी ते ‘ओ-ई’ लिहील, ‘ई’साठी ‘आय-ई’. रोमनमधून मराठी उमटवणारे मोबाइलचे कळफलक मात्र बहुतेक इंग्रजी वळणाचे. म्हणजे मराठी येतं, अक्षरंही येतात, तरी शब्द चुकतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी घडवलेला, २०१३ साली आलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक रोमनचा हा वळसाच घेत नाही.

त्याची करामत बोट ठेवताक्षणी दिसते. ‘क’ला स्पर्श केला की त्याच्याभोवती चक्र उघडतं: का, कि, की, कु... हव्या घराकडे बोट सरकवायचं आणि उचलायचं. नुसता ‘क’ हवा असेल, तर न सरकवता उचलायचं. घरांत सुट्या मात्रा नाहीत, पूर्ण अक्षरं आहेत, हे मुद्दाम पाहा. ‘र’ दाबला की ‘रु’ आणि ‘रू’ आपल्या वेगळ्या वळणासह समोर येतात. उकाराची खूण इथे खाली नव्हे, कुशीत बसते, हे कुणाला सांगावं लागत नाही. पाटीवर गिरवलेली बाराखडी बोटाच्या टोकाशी यावी, ती अशी.

गोल मेनूतली सगळी घरं बोटापासून सारख्याच अंतरावर असतात. असा मेनू सरळ यादीपेक्षा जलद ठरतो, हे अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८८ सालीच दाखवलं होतं. इथे त्यात भर पडते ती सरावाची. दिशा एकदा हाताला कळली की डोळ्यांना चक्राकडे पाहावंही लागत नाही.

पण खरी कसोटी जोडाक्षराची. ‘स्त्री’ युनिकोडमध्ये सहा चिन्हांचा ऐवज आहे: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर तेवढ्याच कळा दाबाव्या लागतात. स्वरचक्रावर तीन स्पर्श पुरतात: स हलन्ताकडे, त हलन्ताकडे, र ईकाराकडे. ‘स्’ झाला की कळांवर स्क, स्त, स्थ अशी पुढची जोडाक्षरं आधीच दिसू लागतात. हलन्त म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्यालाही जोडाक्षर डोळ्यांनी निवडता येतं. ही सगळ्यात देखणी जागा!

नेदरलँड्सचं अशा लेखनाशी एक जुनं नातं आहे. तिथे जन्मलेल्या ‘वेलोटाइप’ या कळफलकावर डाव्या हाताला आरंभीची व्यंजनं, मधे स्वर, उजवीकडे शेवटची व्यंजनं. कळा एकदम दाबल्या की अख्खा शब्दावयव उमटतो. कर्णबधिरांसाठी बोलणं थेट मजकुरात उतरवायला तो वापरला गेला. लेखनाचा घटक सुटं चिन्ह नव्हे, उच्चाराचा तुकडा असावा, ही जाण दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की वेलोटाइपला प्रशिक्षण लागतं, तर स्वरचक्राला बाराखडी पुरते.

उणीव नाही असं नाही. ज्या अक्षरावर बोट टेकतं तेच बोटाखाली झाकलं जातं, आणि नवशिक्याचा वेग सुरुवातीला रखडतो. तरी पुढचा शब्द सुचवणाऱ्या पट्टीच्या भरवशावर तरणाऱ्या कळफलकांपेक्षा, मराठी अक्षर घडतं कसं हे ओळखणारा हा कळफलक मला अधिक शहाणा वाटतो.