एका न झालेल्या जलशाची बैठकव्यवस्था

गाण्याची आवड असलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात एक जलसा कायमचा ठरलेला असतो. त्यातले कलावंत बहुधा स्वर्गवासी असल्यामुळे बिदागीचा प्रश्न येत नाही. हॉल मिळतो, पाऊस पडत नाही, माइक शिट्ट्या मारत नाही आणि अध्यक्ष दोन शब्द बोलायला उभे राहून दोन हजार शब्दांनी खाली बसत नाहीत. आमच्या आजोबांच्या पिढीचं नशीब थोर. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर, हे त्यांचं स्वप्न ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’च्या रूपाने चक्क खरं झालं, आणि ज्यांनी ते पाहिलं त्यांनी न पाहिलेल्यांना पुढे जन्मभर सुखाने जेवू दिलं नाही.

आमच्या पिढीतल्या काही जणांचं स्वप्न जरा लांबच्या गावचं आहे. लिव्हरपूलचं. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघे बीटल्स पुन्हा एकदा एका स्टेजवर आले आहेत आणि आपण तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर आहोत, एवढंच ते स्वप्न. लेननला ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या राहत्या इमारतीच्या दारात गोळ्या घालण्यात आल्या. हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ ला गेला. पण असल्या अडचणी स्वप्नाला अडचणी वाटत नाहीत.

तसं हे स्वप्न एकदा अगदी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. १९७६ साली अमेरिकेत या चौघांना एकत्र आणण्यासाठी कोट्यवधी डॉलर्सच्या बोली लागत होत्या. त्या एप्रिलमध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात निर्माता लॉर्न मायकल्स याने गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, की तीन गाणी म्हणा, तीन हजार डॉलर देतो. आपसांत कसे वाटायचे ते तुम्ही बघा, रिंगोला कमी द्यायचे असतील तर तो तुमचा घरगुती प्रश्न. गंमत पुढेच आहे. पॉल तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जॉनच्या घरीच होता. दोघं मिळून तो कार्यक्रम बघत होते, टॅक्सी करून थेट स्टुडिओत जावं असं त्यांच्या मनात आलंही, पण दमलो होतो म्हणून राहिलं, असं लेननने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. कंटाळ्याने जगाचं आजवर जे काही नुकसान केलं आहे, त्यात ही रात्र बरीच वरच्या नंबराला लागावी.

तर जलसा. पहिलं काम कार्यक्रमपत्रिकेचं. बीटल्सवेड्या चार माणसांना एका खोलीत बसवून वीस गाणी निवडायला सांगावं आणि आपण चहा टाकायला आत जावं. बाहेर येईपर्यंत दोघांचं बोलणं बंद झालेलं असतं. पण यादी कुणाचीही घ्या, तिच्यात ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ असतंच. ‘ए डे इन द लाइफ’ असतं. ‘हे ज्यूड’, ‘समथिंग’, ‘हिअर कम्स द सन’ ही मंडळी हक्काने येऊन बसलेली असतात. आणि इथेच घोडं पेंड खातं. कारण यातलं एकही गाणं या चौघांनी मिळून तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे म्हटलेलं नाही. एकदाही नाही. ‘रिव्हॉल्व्हर’ ही तबकडी ५ ऑगस्ट १९६६ ला निघाली. त्याच महिन्यात मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली आणि त्या तबकडीतलं एकही गाणं तिथे गायली नाहीत. हलवायाने ताजी बर्फी कपाटात ठेवून गिऱ्हाइकाला गेल्या दिवाळीतला चिवडा बांधून द्यावा, तसा हा प्रकार.

असं का, हे समजायला त्यांचे खरे जलसे कसे होत ते बघायला हवं. १५ ऑगस्ट १९६५. आपल्याकडे झेंडावंदनाची जिलबी पचून लोक झोपले असतील, त्या सुमारास न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर माणसं जमली. हे मैदान बेसबॉलचं. आवाज लोकांपर्यंत पोचवायला मैदानाचेच कर्णे, ज्यांच्यावरून एरवी खेळाडूंची नावं पुकारायची. गाणाऱ्याला स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून आता स्टेजवर त्याच्याकडे तोंड करून स्पीकर ठेवतात. ती सोय नव्हती. लोक किंचाळायला लागले ते अर्धा तास किंचाळतच राहिले. गाणं कुठवर आलंय हे कळायला आपण पुढच्यांच्या हलणाऱ्या पाठी बघत असू, असं रिंगोने पुढे सांगितलं आहे. तबलजीने बुवांची पाठ बघून सम गाठायची! आपल्याकडे अशा मैफलीनंतर तबलजीने तबला विहिरीत टाकून किराणा दुकान काढलं असतं.

शेवटचा जाहीर कार्यक्रम २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅण्डलस्टिक पार्कमध्ये झाला. अकरा गाणी, अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ, आणि कितीतरी खुर्च्या रिकाम्या. पॉलने आपल्या प्रसिद्धीप्रमुखाला, टोनी बॅरोला, साध्या कॅसेट रेकॉर्डरवर हे टिपून ठेवायला सांगितलं. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. शेवटचं गाणं चालू असतानाच ती संपली. ज्यांना पंचावन्न हजारांनी नीट ऐकलं नाही, त्यांना कॅसेटनेही पुरतं ऐकून घेतलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं, की या स्वप्नात आपण उगाच कलावंतांचा विचार करत बसतो. ते चौघे ठीकच होते. योजायचे आहेत ते श्रोते.

चांगले श्रोते त्यांना मिळाले नव्हते असंही नाही. लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवर कॅव्हर्न नावाचं तळघर होतं. कमानींची बुटकी छतं, हवा कोंडलेली, भिंतींना घाम. १९६१ ते १९६३ या काळात बीटल्सनी तिथे तीनशेच्या आसपास कार्यक्रम केले. त्यातले पुष्कळ दुपारच्या सुट्टीतले. म्हणजे ऑफिसातल्या टायपिस्ट मुली डबा खाण्याच्या वेळात गाणं ऐकायला यायच्या. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात हातभराचं अंतर. फर्माईश ओरडून सांगायची, गाणाऱ्याने टोमणा मारायचा, आणि मग ते गाणं खरोखरच म्हणायचं. याला आपल्याकडे बैठक म्हणतात. ही बैठक मोडली ती लोक कमी झाले म्हणून नाही, फार झाले म्हणून.

मग चौघे दौरे सोडून लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत दार लावून बसले आणि त्यांनी ‘सार्जंट पेपर’ केलं. १९६७ सालच्या या तबकडीवर ढिगाने लिहिलं गेलं आहे. कुणाला त्यात क्रांती दिसते, कुणाला अफू. मला मात्र ती ऐकताना दरवेळी वाटतं, की हा आपल्या आधी त्यांनीच योजलेला स्वप्नातला जलसा आहे. ऐका ना. सुरुवातीलाच सभागृहातली कुजबूज, वाद्यं जुळवण्याचे आवाज. मग एक काल्पनिक बॅंड येतो, श्रोत्यांचं स्वागत करतो. लोक हसतात, टाळ्या देतात, आणि गाणं सुरू झालं की गप्प बसतात! असले सभ्य श्रोते या चौघांना भेटले कुठे? तर रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिसंग्रहात. ते आवाज टेपवरून आणून जोडलेले आहेत. वेष्टनावर बघा. मैदानातला कार्यक्रम आटोपून बॅंड फोटोला उभा आहे आणि मागे त्याला ऐकायला आलेली गर्दी आहे, ही त्या चित्रामागची कल्पना. ती गर्दी पुठ्ठ्यातून कापलेली आणि मेणाची आहे. पंचावन्न हजार जिवंत माणसांचा अनुभव घेतल्यावर कलावंताला पुठ्ठ्याचा श्रोता बरा वाटायला लागला, यापेक्षा कडक समीक्षा कुठल्या समीक्षकाला जमली असती?

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे. स्वप्नच आहे ना? १९६६ चं मैदान घ्या, किंचाळणारे उठवा, जाणकार बसवा, की झालं काम. पण हा हिशेब जरा पुढे नेला की भलतंच उत्तर निघतं. श्रोते शहाणे असते तर हे चौघे स्टेजवरून उतरले असते का? दौरे थांबण्याची कारणं अनेक होती हे खरं. त्या वर्षी जुलैत मनिलाला राष्ट्राध्यक्षांच्या घरचं आमंत्रण चुकलं म्हणून विमानतळावर धक्काबुक्की झाली. लेननच्या ख्रिस्ताविषयीच्या एका वाक्यावरून अमेरिकेत त्यांच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. वर्षानुवर्षांचा शीण होता. पण समोरचा ऐकतोय एवढी खात्री असली की गाणारा माणूस बाकीचं पुष्कळ सोसतो. आपल्या नाटकमंडळ्यांनी बैलगाड्या, ढेकूण आणि सावकार हे तिन्ही सोसलेच की. तेव्हा समजा, अमेरिकेतल्या त्या पोरी शांत बसल्या असत्या, समेवर माना डोलावल्या असत्या. बीटल्स आणखी दहा वर्षं तीच अकरा गाणी घेऊन गावोगाव फिरले असते, आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ची दोन वेगळ्या लयींतली, वेगळ्या पट्ट्यांतली ध्वनिमुद्रणं सांधत बसायला कुणाला फुरसत झाली असती? ‘ए डे इन द लाइफ’साठी चाळीस वादक बोलावून, त्यांना समारंभाच्या पोशाखात बसवून, वर काहींना नकली नाकं लावून, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जायला कुणी सांगितलं असतं?

म्हणजे ज्या गाण्यांसाठी आपल्याला हा जलसा हवा आहे, त्या गाण्यांवर त्या किंचाळण्याचंही ऋण आहे. उत्तम श्रोते मागावेत तर गाणी जातात. गाणी मागावीत तर श्रोते जातात.

यंत्रांनी यातून वाट काढायचा प्रयत्न केला आहे. हॉलिवुड बोलमधल्या १९६४ आणि १९६५ च्या कार्यक्रमांची तबकडी १९७७ साली निघाली, आणि २०१६ साली तिच्यावर नवे उपचार करून गाणं पुढे व कल्लोळ मागे आणण्यात आला. २०२३ साली तर लेननच्या जुन्या घरगुती टेपमधून त्याचा आवाज संगणकाने वेगळा काढून ‘नाउ अँड देन’ हे गाणं पुरं केलं. ऐकलं, घसा दाटला. पण हॉलिवुड बोलची नवी आवृत्ती ऐकताना वाटलं, की मागे ढकललेल्या त्या आवाजातही कुणीतरी होतं. त्यांनीही तिकीट काढलं होतं.

म्हणून माझ्या जलशाची बैठकव्यवस्था मी अशी केली आहे. समीक्षक आणि संग्राहक मंडळी मागे, खांबाआड. त्यांना दिसलं नाही तरी ते लिहितात. तिसरी रांग आपली. दुसरी रांग वादकांची. ‘सार्जंट पेपर’मधल्या ‘विदिन यू विदाउट यू’ या हॅरिसनच्या गाण्यात तबला, दिलरुबा, तंबोरा वाजवणारे लंडनचे भारतीय वादक होते. तबकडीवर त्यांची नावं छापली गेली नाहीत. त्यांच्या खुर्च्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहायची. शेजारी, जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत हॅरिसनबरोबर वाजवलेले वादक. ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत तिथलं. त्याच मुक्कामात ‘वंडरवॉल म्युझिक’चंही काम झालं, आणि त्या स्टुडिओत बाहेरचा आवाज येत असल्याने नीट कान दिला तर खालून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात, असं हॅरिसनच सांगायचा. त्या टॅक्सीवाल्यांनाही पास द्यावा. फक्त मीटर चालू ठेवून येऊ नये.

आणि पहिली रांग त्या पोरींची. शे स्टेडियममध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या, त्या आता पंचाहत्तरीच्या घरात. गुडघे दुखतात, तेव्हा जिना नको. कानाला यंत्र असेल तर ते लावूनच यावं. साऱ्या जगाने त्यांची टिंगल केली. पण त्या संध्याकाळी पैसे मोजून, घसा फोडून, एकही गाणं धड न ऐकता घरी गेल्या त्या त्याच. त्यांचं एक ऐकणं बाकी आहे.

कार्यक्रम शांततेत होईल. शेवटी ‘ए डे इन द लाइफ’. त्यातला पियानोंचा अखेरचा स्वर चाळीस सेकंदांहून जास्त वेळ विरत जातो. तो पुरता विरेपर्यंत कुणी टाळी वाजवायची नाही, खोकायचं नाही, चपला शोधायच्या नाहीत. त्यानंतर मात्र पहिल्या रांगेला किंचाळायची परवानगी आहे. मनसोक्त. चौघांपैकी कुणी कानावर हात ठेवणार नाही.