सिलिकॉनचा द्विबंध आणि प्रकाशाची भूमिका : एक चिकित्सा

प्रास्ताविक

सिलिकॉनच्या द्विबंधाचा इतिहास अध्यापनात ज्या रीतीने मांडला जातो, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या लगेच खाली येतो. तरीही तो कार्बनप्रमाणे द्विबंध करीत नाही, असा नियम दीर्घकाळ मानला गेला. १९८१ मध्ये रॉबर्ट वेस्ट, मार्क फिंक व जोसेफ मिशल यांनी सिलिकॉन-सिलिकॉन द्विबंध असलेले स्थिर संयुग मिळवले आणि हा नियम मोडला. याचे श्रेय सामान्यतः मेसिटिल या अवजड गटांना दिले जाते. ते योग्य असले तरी अपुरे आहे.

विवेचन

अवजड गट द्विबंधाचे रक्षण करतात. तो घडवीत नाहीत. वेस्ट यांच्या प्रयोगात तीन सिलिकॉन अणूंची साखळी असलेल्या संयुगावर २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडण्यात आले. शोषलेल्या ऊर्जेमुळे साखळीची दोन्ही टोके परस्परांशी जोडली जाऊन बाहेर पडतात व मधला सिलिकॉन केवळ दोन मेसिटिल गटांसह उरतो. हे सिलिलीन अत्यंत क्रियाशील असते. अशी दोन सिलिलीने एकत्र आली की डायसिलीन तयार होते.

हे दोन टप्पे वेगळे पाहता येतात, हे विशेष. ७७ केल्व्हिन तापमानाला गोठलेल्या हायड्रोकार्बनमध्ये सिलिलीन अडकून राहते व ५७७ नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषते. तापमान वाढवताच ते शोषण मावळते आणि डायसिलीनचे ४२० नॅनोमीटरजवळचे शोषण दिसू लागते. बंध तोडण्याचे काम प्रकाशाचे. नवा बंध जुळण्यास मात्र प्रकाश लागत नाही. इतक्या कमी तापमानाला बंध तोडणे उष्णतेच्या आवाक्याबाहेरचे आहे.

त्याच वर्षी एड्रियन ब्रूक यांनी टोरांटो येथे सिलिकॉन-कार्बन द्विबंधाचे स्थिर संयुग मिळवले, तेही प्रकाशाच्याच साहाय्याने. तेथे सिलिल गट सिलिकॉनवरून शेजारच्या कार्बोनिल गटातील ऑक्सिजनवर सरकतो.

तथापि सर्व श्रेय प्रकाशाला देणेही अयोग्य ठरेल. १९६७ मध्ये गुसेलनिकोव्ह व फ्लॉवर्स यांनी उष्णतेने क्षणजीवी सिलिकॉन-कार्बन द्विबंध घडल्याचा पुरावा दिला होता. २००४ मध्ये सेकिगुची व सहकाऱ्यांनी सिलिकॉन-सिलिकॉन त्रिबंधाचे स्थिर संयुग मिळवले, ते क्षपणाने. प्रकाश हा एकमेव मार्ग नव्हे; परंतु १९८१ चे दोन्ही प्रयोग त्याच मार्गाने गेले, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

निष्कर्ष

या उदाहरणांवरून जुन्या नियमाचा खरा दोष स्पष्ट होतो. 'टिकत नाही' याचा अर्थ 'घडत नाही' असा घेतला गेला. आजही वर्गात केवळ अवजड गटांचा उल्लेख करून आपण तीच गल्लत पुढे नेतो. अभिक्रियेच्या बाणावर लिहिलेली प्रकाशाची खूण विद्यार्थी पाठ करतो. त्या खुणेमागे कोणता बंध तुटला, हे त्याला विचारले जात नाही. द्विबंध कसा घडला आणि का टिकला, हे दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून शिकवले जाणे आवश्यक आहे. तसे झाल्यास अस्थिर आणि अशक्य यांतील भेद विद्यार्थ्याच्या मनात पक्का होईल.