कन्येतला शनी आणि युरोचा भाव

दिवाळी अंकातलं राशिभविष्य आपण वाचत नाही, असं सांगणारे बरेच लोक भेटतात. त्याला लागून छापलेलं 'जागतिक भविष्य' मात्र हेच लोक वाचतात. स्वतःच्या राशीबद्दल उत्सुकता दाखवायला संकोच वाटतो, युरोपच्या राशीबद्दल वाटत नाही. ज्योतिषात या शाखेला मेदिनीय ज्योतिष म्हणतात: राष्ट्रं, राजे, पाऊस, धान्याचे भाव. मराठीत हे लेखन इतकी वर्षं नेमानं छापलं जातंय, पण त्याची समीक्षा कुणी फारशी केलेली नाही. कथा-कवितांची होते, अगदी पाककृतींच्या पुस्तकांचीही होते. मला हे लेखन वाचायची सवय लागली ती मामांमुळे.

मामांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. माल युरोपला जातो, म्हणजे न्हावाशेव्याहून कंटेनर निघतो आणि रॉटरडॅमला उतरतो. त्यामुळे युरोप हा त्यांच्यासाठी भूगोलाचा विषय नाही. गावातले बाकीचे लोक पाऊसपाण्याचं विचारतात तसं मामा विचारायचे, "काय रे, युरोपचं काय लिहिलंय?" मी नाशिकहून जाताना दोन-तीन अंक घेऊन जायचो आणि वाचून दाखवायचो. मोठ्यानं वाचलं की गद्य उघडं पडतं. पश्चिमेकडील राष्ट्रांत आर्थिक उलथापालथ संभवते, एखाद्या बड्या नेत्यास पायउतार व्हावे लागेल, चलनबाजारात अस्थिरतेचे योग आहेत: ही वाक्यं माझी आहेत, पण साचा तोच. त्यात कर्ता नसतो, आकडा नसतो, तारीख नसते. 'संभवते' हे क्रियापद सगळा भार उचलतं. पश्चिमेकडे पन्नास देश असतील, तर कुठल्या वर्षी एखादा नेता पायउतार होत नाही?

पण एवढ्यावर हसून मोकळं होणं सोपं आहे. त्यापेक्षा या शास्त्राला त्याच्याच घरात जाऊन प्रश्न विचारावा. युरोपची रास कोणती?

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कूर्मविभाग नावाचा अध्याय आहे. कासवाच्या आकारात देशाचे नऊ भाग कल्पून प्रत्येकाला तीन-तीन नक्षत्रं दिली आहेत. हा नकाशा भारतवर्षाचा आहे. त्यात लंडन, पॅरिस, बर्लिन शोधायचं म्हणजे गोदावरीत टेम्स शोधण्यासारखं. मग युरोपला रास द्यायची तर टॉलेमीकडे जावं लागतं. दुसऱ्या शतकातल्या त्याच्या ग्रंथात ब्रिटन, गॉल, जर्मनी मेषेला आहेत, इटली सिंहेला, स्पेन धनूला आणि ग्रीस कन्येला.

आता गंमत पाहा. आपल्या निरयन पद्धतीनं शनी कन्येत शिरला तो सप्टेंबर २००९ मध्ये. ऑक्टोबरमध्ये ग्रीसमध्ये नवं सरकार आलं आणि त्यानं सांगितलं की आधीच्यांनी दाखवलेली तूट खरी नाही, ती १२ टक्क्यांच्या वर आहे. युरोपचं कर्जसंकट इथून सुरू झालं. शनी तुळेत गेला नोव्हेंबर २०११ च्या मध्यावर, आणि पंतप्रधान पापांद्रेऊ पायउतार झाले तेही त्याच सुमारास. मी हे पहिल्यांदा जुळवून पाहिलं तेव्हा, खरं सांगतो, थोडा वेळ गप्प बसलो.

नंतर दोन गोष्टी ध्यानात आल्या. टॉलेमीच्या राशी सायन आहेत, आपल्या निरयन, आणि दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचा फरक आहे. टॉलेमीच्या मोजणीनं शनी कन्येत आला सप्टेंबर २००७ मध्ये आणि ऑक्टोबर २००९ च्या अखेरीस, म्हणजे संकट नुकतं उघड होतंय तेव्हा, तो बाहेर पडला (पुढे वक्री होऊन काही महिने परतला, ते सोडा). म्हणजे देशांची यादी त्याची आणि राशिचक्र आपलं घेतलं तरच हिशोब जुळतो: एका दुकानाचा काटा आणि दुसऱ्या दुकानाची वजनं. दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. शनी साधारण २९-३० वर्षांनी त्याच राशीत येतो. निरयन कन्येत तो त्याआधी होता १९८० ते १९८२ या काळात. ग्रीस युरोपीय समुदायाचा सदस्य झाला १ जानेवारी १९८१ रोजी. तोच शनी, तीच रास, आणि देशाच्या दृष्टीनं तो सणाचा दिवस. तेव्हा शनीनं प्रवेश दिला आणि नंतर त्यानंच दिवाळं काढलं असं म्हणायचं असेल तर म्हणता येईल. सगळंच म्हणता येतं, हीच अडचण आहे.

राशीऐवजी कुंडली मांडावी, तर युरोपीय संघाचा जन्म कधीचा? रोमचा करार २५ मार्च १९५७ चा. तो अमलात आला १ जानेवारी १९५८ ला. मास्ट्रिक्ट करार अमलात आला १ नोव्हेंबर १९९३ ला. युरो हे चलन १ जानेवारी १९९९ चं, त्याच्या नोटा-नाणी १ जानेवारी २००२ ची. पाच जन्मवेळा असलेल्या जातकाचं भविष्य चुकणं कठीणच.

या सगळ्यात एक गोष्ट मला खरोखर मोहवते. केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण, होरा हे ज्योतिषातले शब्द मूळचे ग्रीक. कन्या राशीला वराहमिहिर बृहज्जातकात 'पाथोन' असंही म्हणतो, तो ग्रीक 'पार्थेनोस'. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र जाणतात म्हणून ऋषींसारखे पूज्य, असं त्यानं मोकळेपणानं लिहून ठेवलंय. म्हणजे ग्रीसचं दिवाळं निफाडच्या ओट्यावर ग्रीक शब्दांत वाचलं जात होतं. जागतिक भविष्य लिहिणाऱ्या एकाला तरी यावर एक परिच्छेद लिहावासा वाटायला हवा होता.

वराहमिहिराची बाजू घ्यायला मला आवडतं, याला आणखी एक कारण आहे. त्याच्या अर्घकांडात भावांची चर्चा आहे. कोणत्या संक्रांतीला कोणता माल साठवावा आणि किती महिन्यांनी विकला तर नफा होईल, हे तो सांगतो. ते खरं ठरत असेल असं मी मानत नाही. पण त्यात माल आहे, मुदत आहे, म्हणजे लेखक चूक ठरू शकतो. त्याच्या आजच्या वारसांनी ही जोखीमच काढून टाकलीय. मराठी वाचकाला १९६२ ची अष्टग्रही ऐकून तरी माहीत असते. फेब्रुवारीत आठ ग्रह मकरेत जमले, देशभर यज्ञयाग झाले, जग बुडालं नाही. मग ऑक्टोबरात चीननं आक्रमण केलं आणि अष्टग्रहीचं श्रेय आठ महिन्यांनी वसूल झालं. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जन्मकुंडल्यांवर चाचणी घेतली, २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि निकाल नाणेफेकीहून बरा नव्हता. जागतिक भविष्याची अशी चाचणी घ्यायची म्हटली तर कागदावर मांडायला काही हातात येतच नाही.

इथे कुणी म्हणेल, अर्थतज्ज्ञ तरी काय वेगळे? बरोबर आहे, त्यांचीही भाकितं धडाधड पडली. पण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं २०१३ मध्ये ग्रीसवरच्या आपल्याच अहवालात आपले अंदाज फार आशावादी होते, हे छापलं. गेल्या वर्षीचं भविष्य यंदाच्या भविष्याशेजारी छापणारा दिवाळी अंक मी पाहिलेला नाही. माझी संपादकांकडे मागणी एवढीच आहे.

आता मामांचं. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपातल्या बंदरांवर अडकले. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे बागाईतदारांच्या भाषेत सीसीसीचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला होता. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नाव तोवर नव्हतं. त्याच वेळी ग्रीसमुळे युरो घसरत होता. २ मे रोजी ग्रीसला ११० अब्ज युरोंची मदत जाहीर झाली, तरीही घसरण थांबली नाही. आदल्या वर्षअखेरीस ६६-६७ रुपयांच्या घरात असलेला युरो जूनमध्ये ५७ च्या आसपास आला. मालावर एक घाव, भावावर दुसरा. मामांच्या निर्यातदाराचा हिशोब दिवाळीपर्यंत लांबला आणि आला तो एका ओळीचा, कुठली कपात कशापायी हे न सांगता.

मी त्यांना म्हटलं, तपासणीचा कागद मागा, कुठल्या तारखेचा युरोचा भाव धरला ते विचारा. मामांनी अंक पुढे सरकवला. "शनीच होता. लिहिलंच होतं की." त्या वाक्यात त्यांना आधार होता, हे मला दिसत होतं. चूक त्यांची नव्हती, फवारणी त्यांनी सांगितल्याबरहुकूमच केली होती, आणि शनीकडे हिशोब मागायचा नसतो. शेजारच्या दोन-तीन बागाईतदारांनी तगादा लावला आणि थोडेफार पैसे पदरात पाडून घेतले. मामा गेले नाहीत. ब्रसेल्समधली मर्यादा, इथली अपुरी यादी, निर्यातदाराची वही, या माणसांनी ठरवलेल्या गोष्टी होत्या. जागतिक भविष्यानं त्यांचं हवामान करून टाकलं.

पुढे २०१५ ला सिंहस्थ आला. पाडवा शनिवारी होता म्हणून वर्षाचा राजा शनी, मेषसंक्रांत मंगळवारी म्हणून मंत्री मंगळ. पंचांगवाचनाला बसलेल्यांनी मान हलवली. ३० जूनच्या संध्याकाळी गुरू आणि शुक्र, दोन्ही शुभग्रह, पश्चिमेला एकमेकांना चिकटून होते, आणि त्याच दिवशी ग्रीसनं नाणेनिधीचा हप्ता चुकवला. तिथल्या बँका बंद होत्या, यंत्रातून दिवसाला ६० युरो मिळायचे. १३ जुलैला सकाळी ब्रसेल्सला रात्रभराच्या बैठकीनंतर तडजोड झाली. १४ जुलैला गुरू सिंहेत गेला आणि रामकुंडावर ध्वज चढला.

आता पुढच्या सिंहस्थाचा ध्वज ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. मामा थकलेत. गेल्या दिवाळीत अंक घेऊन गेलो तर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी युरोपचा परिच्छेद वाचला. आत्तेभाऊ शेजारीच बसून मोबाइलवर युरोचा भाव बघत होता. मामांनी त्याला आकडा मोठ्यानं सांगायला लावला, मग मला म्हणाले, "हं, आता पावसाचं वाच."