ॲनाचे आडनाव

पूर्वजांचा शोध घेणाऱ्या पुस्तकांविषयी मी जरा सावध असतो. बहुतेकांचा शोध एखाद्या दिवाणापाशी नाहीतर सरदारापाशी जाऊन थांबतो. शोधाअंती शिपाई सापडला असे सहसा वाचनात येत नाही. एडमंड डी वाल यांचे ‘द हेअर विथ अँबर आइज’ (२०१०) याच शंकेने हाती घेतले.

डी वाल हे इंग्लंडातले मातीची भांडी घडवणारे कलावंत. वडील अँग्लिकन धर्मगुरू. टोकियोत स्थायिक झालेल्या, आजीच्या भावाच्या पश्चात त्यांच्याकडे २६४ नेत्सुके आल्या. किमोनोच्या पट्ट्याला डबी अडकवण्यासाठी लाकडात वा हस्तिदंतात केलेले हे बोटभर कोरीवकाम. त्यांचा माग काढत लेखक पोचतो तो पणजोबांच्या चुलतभावापर्यंत, शार्ल एफ्रुसीपर्यंत. ओडेसाच्या धान्यव्यापारी ज्यू घराण्यातला हा पॅरिसचा रसिक. रेनवाच्या नौकाविहाराच्या चित्रात मागे उंच टोपी घालून उभा आहे तो हाच. प्रूस्तच्या स्वानमध्येही त्याचा अंश आहे. मानेच्या शतावरीच्या जुडीच्या चित्राला त्याने ठरलेल्या ८०० फ्रँकऐवजी १००० दिले, तेव्हा मानेने एकाच कोंबाचे आणखी एक चित्र पाठवले: जुडीतला एक राहिला होता म्हणून! पुढे ड्रायफस प्रकरणात देगासारखे स्नेही ज्यूद्वेष्टे झाले. लेखक हे आवाज न चढवता सांगतो, म्हणूनच ते बोचते.

मात्र पॅरिसच्या दिवाणखान्यांत तो नको इतका रेंगाळतो. पुस्तकाचा खरा जीव व्हिएन्नात आहे. शार्लने १८९९ साली लग्नाचा आहेर म्हणून धाडलेल्या नेत्सुके तिथल्या वाड्यात होत्या. १९३८ साली नाझींनी वाडा बळकावला. सामान बांधायच्या कामाला जुंपलेली घरची दासी ॲना रोज दोन-चार नेत्सुके एप्रनच्या खिशातून नेई आणि आपल्या गादीत दडवी. चित्रे, ग्रंथ, पेढी, सारे गेले. महायुद्ध संपल्यावर लेखकाची आजी एलिझाबेथ परतली, तेव्हा ॲनाने नेत्सुके तिच्या स्वाधीन केल्या.

या ॲनाचे आडनाव पुस्तकात नाही. विचारता आले असते तेव्हा ते विचारायचे सुचलेच नाही, अशी कबुली लेखक देतो. शार्लच्या आरामखुर्चीचा रंग शोधणाऱ्या लेखकाची ही कबुली मला पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक जागा वाटते. पण तो तिथे दोन पानेही थांबत नाही, हा माझा आक्षेप आहे.

आक्षेप घेण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे. आमच्या कुलवृत्तांतात बारा पिढ्यांचे पुरुष क्रमवार आहेत, मुली लग्नापुरत्या आहेत. वडिलांना अंगाखांद्यावर वाढवणारी गंगव्वा त्यात नाही. तिचे गाव कुठले, हे विचारायला आता घरात कुणी उरलेले नाही.

इंग्रजी वाचणाऱ्यांनी पुस्तक मिळवून जरूर वाचावे. पॅरिसची पाने चाळली तरी चालतील. व्हिएन्ना मात्र एका बैठकीत वाचावे.