सुधाकराचे दुखणे

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले १९१९ साली. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी प्रेक्षक रडले; ते योग्यच होते. मद्यपानाचा निषेध म्हणून आपण हे नाटक वाचत आलो. पण सुधाकराचे दुखणे मला प्याल्याच्या आधीचे वाटते.

भर कोर्टात मुनसफाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळ जाते, आणि हा मानी पुरुष आतून मोडतो. त्या घडीला औषध घेऊन येतो तो तळीराम! पुढे गडकऱ्यांची लेखणी प्याल्यामागे धावते. मूळचे शल्य मागेच राहते. हे नाटकाचे मोठे वैगुण्य होय. असे म्हणणे म्हणजे सुधाकराच्या क्रौर्याला माफी देणे नव्हे. रोगाचे मूळ शोधणे होय.

या शोधाची निकड आजही आहे. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत दर दहांतले सात पुरुष होते. अपमान गिळून गप्प बसलेल्या माणसापाशी तळीरामाच्या आधी कोणी आपले माणूस पोहोचावे, एवढे तरी या नाटकाने आपल्याला सुचवावे.