अनुवादकाचा संगणक : पसंती नेमकी कुणाची?

विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की आज दुकानात होते तशी चर्चा होणार, हा लॅपटॉप घ्या, तो घेऊ नका. ती थोडीफार होईलच, त्याला इलाज नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असलेलं यंत्र लागतं. त्यामुळे बिनतक्रार चालणारी कितीतरी यंत्रं एका रात्रीत म्हातारी ठरली. अनुवादकांच्या टेबलावर बहुधा अशीच यंत्रं असतात, कारण शब्दामागे मिळणाऱ्या दरात दर तीन वर्षांनी नवा संगणक बसत नाही. तेव्हा ‘आता काय घेऊ?’ हा प्रश्न मला सारखा येतोय. त्याच्या शेपटाला आणखी एक असतो: ‘बाकीचे अनुवादक काय पसंत करतात? विंडोज, मॅक की लिनक्स?’

या ‘पसंती’ शब्दाशी माझं भांडण आहे. पसंती म्हटलं की समोर तीन ताटं वाढलेली दिसतात आणि आपण त्यातलं एक ओढून घ्यायचं असतं. मराठी अनुवादकासमोर तीन ताटं फारशी कधी नव्हतीच. कुणीतरी आधीच जेवायला बसलेलं असायचं आणि आपण त्याच्या पंगतीत जायचं.

हे जरा जुन्या काळापासून सांगते. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं प्रकाशकाकडे मजकूर द्यायचा म्हणजे ‘श्रीलिपीत द्या’, ‘आकृतीत द्या’, नाहीतर ‘आयएसएममध्ये, सुरेखमध्ये द्या’ असं सांगितलं जायचं. हे फॉन्ट म्हणजे काय होतं? इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते कुठलंतरी रोमन चिन्ह. त्याच्यासोबत कळफलकाचा प्रोग्रॅम यायचा, काही पॅकेजांना संगणकाच्या मागे लावायचा डोंगल यायचा, आणि हे सगळं चालायचं विंडोजवर. म्हणजे अनुवादकानं विंडोज निवडलं नव्हतं. छापखान्यातल्या डीटीपी ऑपरेटरकडे जे होतं तेच त्यानं घेतलं. ‘मराठी अनुवादकांची पसंती विंडोजला’ असं कुणी म्हणालं, तर ती पसंती खरं तर पेजमेकरवाल्याची होती, हे लक्षात ठेवा.

मग युनिकोड आलं. म्हणजे ते १९९१पासून होतंच, आपल्यापर्यंत आलं विंडोज २०००बरोबर. एक्सपी आठवतंय ना? त्यात मराठी दिसायचं तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत टिचकी मारायची, आणि मग ते सीडी मागायचं. ती सीडी घरात कुणाकडेच नसायची! मॅकवर वेगळी तऱ्हा. प्रणालीला देवनागरी येत होती, पण त्यावरच्या वर्डला जोडाक्षरं बरीच वर्षं नीट जमत नव्हती. मॅक आवडणारे मराठी अनुवादक तेव्हाही होते. आवडत असूनही ते त्यावर काम करू शकत नव्हते, एवढंच.

एजन्सीच्या कामात हीच गोष्ट दुसऱ्या वेशात दिसते. ट्राडोस ही १९८४मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला सुरू झालेली कंपनी. तिचं सॉफ्टवेअर आज अनुवाद-व्यवसायात सर्वांत परिचित म्हणावं लागेल, आणि त्याचा डेस्कटॉपवरचा स्टुडिओ विंडोजवरच चालतो. हंगेरीतून आलेल्या मेमोक्यूचंही तसंच. एजन्सी काम पाठवते ते याच सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये. ते उघडता आलं नाही तर काम दुसऱ्याला जातं. मग मॅकवाला काय करतो? मॅकमध्ये पॅरलल्स घालतो, त्यात विंडोज घालतो, त्यात ट्राडोस घालतो. महागड्या घरात राहून एका खिडकीपाशीच संसार करायचा, तशातला प्रकार. आणि २०२०पासून अॅपलनं स्वतःच्या चिपचे मॅक आणले, त्यांवर बूट कॅम्पची सोयही राहिली नाही.

लिनक्सवाल्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. देवनागरी तिथे नीट दिसायला लागली त्यात इथल्या लोकांचे हात आहेत. पुण्यात रेड हॅटच्या आसपास मराठीकरणाचं जे काम झालं, लोहितसारखे फॉन्ट मोकळ्या परवान्याखाली आले, त्याचा फायदा आपण सगळे नकळत घेतो. ओमेगाटीसारखं साधन तर तिन्ही प्रणालींवर फुकट चालतं. पण लिनक्सची बाजू मांडणारे मित्र एक गोष्ट पटकन ओलांडून जातात. अनुवाद करून झाल्यावर फाईल परत जाते ती वर्डमध्ये उघडणाऱ्या माणसाकडे. त्याच्याकडे तक्त्याची एक रेघ सरकली, सुधारणांच्या खुणा विस्कटल्या, तर तो ‘स्वातंत्र्य’ वगैरे ऐकत नाही. तो म्हणतो, ‘मॅडम, फाईल खराब आलीये.’ तत्त्वाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. जो स्वतःच्या आनंदासाठी मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतो त्याला ती परवडते. जो जिल्हा न्यायालयाचे कागद इंग्रजीत करून त्यावर घर चालवतो, त्याला विचार करावा लागतो.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. तो एका अक्षराएवढा आहे.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. एक डोंगरातल्या, एक समुद्र. ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’ यांत स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न आहे. हा जो अर्धा ऱ आहे, आडव्या चंद्रकोरीसारखा, तो मराठीची खास गरज. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन वाटा आहेत. एक, ०९३१ क्रमांकाचा वेगळा ऱ घ्यायचा आणि त्याला हलन्त जोडायचा. दुसरी, साधा र, हलन्त, आणि त्यानंतर न दिसणारं, जागाही न व्यापणारं एक जोडचिन्ह. दुसरी वाट युनिकोडनं जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवली. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत.

यानं काय बिघडतं? एक तर, ते न दिसणारं चिन्ह फार सहज गळतं. मजकूर ‘स्वच्छ’ करणारे प्रोग्रॅम, फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर, नकल-डकव करताना मधे येणारे फॉर्म यांना ते कचरा वाटतं. ते गळलं की ‘दऱ्याखोऱ्यांत’चं ‘दर्याखोर्यांत’ होतं. माझ्या एका अनुवादात हे घडलं. प्रकाशकाकडे मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवला गेला आणि छापून आलेल्या पुस्तकात सगळे ‘दुसऱ्या’ रफार घेऊन आले. समीक्षकानं लिहिलं की अनुवादिकेचं शुद्धलेखन कच्चं आहे. बरोबरच आहे त्याचं, त्याला काय माहीत!

दुसरं जास्त बारीक आहे, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही. इंग्रजीतून मराठीत आणणाऱ्याला ट्रान्सलेशन मेमरी इंग्रजी वाक्य बघून जुना अनुवाद सुचवते, तिथे हा घोळ लगेच जाणवत नाही. तो जाणवतो शब्द शोधताना. ‘कर्मचाऱ्यांचा’ मागे कसा वापरला ते बघायला गेलात तर निम्म्या जागा सापडतात, निम्म्या नाहीत. परिभाषा तपासणारं साधन बरोबर शब्दालाही लाल करतं. आणि मराठीतून इंग्रजीत करणाऱ्याचं तर सरळ नुकसान. तिथे मूळ वाक्यच मराठी. सातबाऱ्याच्या किंवा खरेदीखताच्या ठरलेल्या वाक्यात ‘शेतकऱ्याने’ वेगळ्या वाटेनं लिहिला असेल, तर काल केलेलं वाक्य आज मेमरीला नवंच वाटू शकतं. आपण तेच वाक्य पुन्हा करत बसतो.

जाता जाता आणखी एक. मॅकची जुनी फाईल-व्यवस्था, एचएफएस प्लस, फाईलच्या नावातली अक्षरं सुटी करून ठेवायची. ०९३१चा ऱ तिथे साधा र अधिक खालचा टिंब असा व्हायचा. फाईलचं नाव डोळ्यांना तेच, पण झिप करून दुसऱ्या यंत्रावर नेलं की शोधात सापडेलच असं नाही. नंतरच्या एपीएफएसनं हे थांबवलं. पण जुने संग्रह अजून लोकांच्या डिस्कवर आहेतच.

म्हणून ‘कुठली प्रणाली’ यापेक्षा मला ‘कुठला कळफलक’ हा प्रश्न मोठा वाटतो. फोनेटिक सोपा, कबूल. पण तो कुणी बनवला त्यावर ‘ऱ’ कुठल्या वाटेनं जाणार ते ठरतं, आणि बनवणाऱ्यानं तो बंद केला की लोक जुनी इन्स्टॉल फाईल एकमेकांना पाठवत बसतात, हेही आपण पाहिलंय. इन्स्क्रिप्ट सरकारी मानक आहे, ऐंशीच्या दशकापासूनचं. विंडोजवर असो की लिनक्सवर, र च्या कळीवर शिफ्ट दाबली की ०९३१चाच ऱ येतो. शिकायला काही आठवडे जातात, बोटं रुसतात, टायपिंगची परीक्षा रेमिंग्टन पद्धतीनं दिलेल्यांची तर जास्तच. तरी एकदा बसला की यंत्र बदललं तरी हात बदलत नाही. अनुवादकाचं स्वतःचं म्हणावं असं संगणकात फार थोडं असतं, त्यात हा कळफलक येतो.

आता तरुण मंडळी म्हणतील, ‘ताई, हे सगळं संपलं. आता काम ब्राउझरमध्ये चालतं. फ्रेज, स्मार्टकॅट, मॅटकॅट, काहीही असो. खाली विंडोज आहे का लिनक्स, कोण बघतो?’ अर्ध खरं आहे. ट्राडोसची सक्ती सैल झाली ती यामुळेच. गुगल डॉक्सला मराठी बोलून दाखवलं तर ते टाइप करतं, आणि ज्यांची बोटं दुखतात अशा माझ्या वयाच्या लोकांना त्याचा आधार आहे. पण अर्ध अजून शिल्लक आहे. पूर्वी मेमरी माझ्या डिस्कवर असायची. आता ती समोरच्याच्या सर्व्हरवर असते, आणि ती टीएमएक्स फाईल म्हणून उतरवून घ्यायची परवानगी मला आहे का, ते खात्याचा मालक ठरवतो. एका एजन्सीसाठी मी सहा वर्षं आरोग्याची माहितीपत्रकं केली. ‘स्तनदा माता’ लिहायचं की ‘अंगावर पाजणारी आई’, यावर आम्ही महिनाभर वाद घातला होता, आणि शेवटी गावोगावच्या आशाताईंना विचारून ठरवलं होतं. काम संपलं, लॉगिन बंद झालं. ते शब्द आता कुठेतरी आहेत. माझ्याकडे नाहीत. आपल्यापैकी फार जण करार वाचताना दर बघतात, पैसे कधी मिळणार ते बघतात. मेमरी कुणाची, हे वाचत नाहीत. मीही वाचलं नव्हतं.

तर आता काय घ्यायचं? एजन्सीच्या पॅकेजवर पोट असेल तर विंडोजच घ्या, लाजू नका, आणि त्याला आवड म्हणू नका. मराठीतून इंग्रजीत, पुस्तकं, स्वतःचे ग्राहक असं काम असेल, तर जुन्या विंडोज १०च्या यंत्रावर लिनक्स आणि ओमेगाटी घालून बघा. ते यंत्र अजून चांगली वर्षं काढेल, आणि मेमरी तुमच्या फोल्डरमध्ये राहील. मॅक आधीच असेल तर वापरा, केवळ अनुवादासाठी विकत घेऊ नका.

आणि दुकानात गेलात तर एक करा. यंत्र सुरू करून साधी लिहायची खिडकी उघडा, मराठी कळफलक लावा आणि ‘दऱ्या’ लिहा. मग फोनवर नेहमीच्या पद्धतीनं ‘दऱ्या’ लिहून स्वतःला मेल करा, तो तिथेच खाली चिकटवा आणि शोधून बघा, दोन सापडतात की एकच. दुकानदार जरा विचित्र नजरेनं बघेल. त्याला सांगा, समुद्र आणि डोंगर वेगळे आहेत का ते तपासतेय.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.